न नेसलेल्या साड्यांची गोधडी

मी गोधड्या शिवते असं कळलं की माणसं आधी विचारतात, "किती दिवस लागले?" मग विचारतात, "कंबर दुखत नाही का?" पुढं बोलायला काही उरलं नाही की टाक्यांवरून बोट फिरवत म्हणतात, "किती बारीक टाके हो!" गंगाखेडात माझ्या बैठकीत येऊन, माझ्याच गोधडीवर मांडी घालून चहा पिणाऱ्या एकाही माणसानं आजवर विचारलेलं नाही, की ह्या अबोलीशेजारी हा शेवाळी रंग तुम्हाला कसा सुचला. त्यांना कष्ट दिसतात. रंग दिसत नाही. डोळे असून माणसं असं कसं जगतात, हे मला अजून कळलेलं नाही.

माझं माहेर राणीसावरगावचं, घरची शेती. तिथं गोधडीला वाकळ म्हणतात. माझ्या आईनं आयुष्यभर वाकळा शिवल्या आणि त्या सगळ्या कुरूप होत्या. असं म्हटलं की लोकांचे चेहरे पडतात. आईच्या वाकळेबद्दल काय बोलायचं हे जणू ठरलेलं आहे. तिची ऊब, तिचा वास, तिचा हात. ऊब होती, नाही म्हणत नाही. पण फाटकं धोतर, त्यावर विटलेलं लुगडं, त्यावर बापाच्या सदऱ्याची पाठ, जे हाताला लागेल ते लागेल तसं. "त्या दिवसांत रंगाचा विचार करायला येळ कुणाला होता?" असं माझी बहीण म्हणते. वेळ होता. दुपारभर ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या सुनांची उणीदुणी काढायला भरपूर वेळ होता. आणि बघायला काय कमी होतं? शिवारात करडई फुलली की पिवळ्याचा शेंदरी होताना दिसायचा. कपाशीचं फूल आज पिवळसर, उद्या गुलाबी. हे रोज डोळ्यांसमोर असून घरात येऊन तपकिरीवर करडा कपडा लावणाऱ्या बायका त्या. मलाही तेव्हा काही दिसत नव्हतं, हे कबूल करते.

मला दिसायला लागलं ते पंचेचाळिशीनंतर. मुलगा पुण्याला नोकरीला गेला. नवरा साखर कारखान्याच्या ऑफिसातून रिटायर झाला आणि टीव्हीपुढं बसला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिंपी आहे. तो रोज दुकान झाडून चिंध्यांचं पोतं बाहेर ठेवायचा. एकदा ते पोतं उलटं पडलं होतं. त्यात शाळेच्या युनिफॉर्मचा गडद निळा तुकडा होता आणि त्याच्यावर कुण्या नवरीच्या ब्लाउजची गुलबक्षी कातरण येऊन पडली होती. मी तिथंच उभी राहिले. निळा एवढा खोल आहे हे मला त्या गुलबक्षीमुळं दिसलं. शिंप्याला म्हटलं, "हे मी नेऊ का?" तो म्हणाला, "न्या की, नाहीतरी जाळायचंच हाय." जाळायचंच हाय! मी पोतंच उचललं.

तेव्हापासून दुपारची जेवणं झाली की मी फरशीवर तुकडे मांडते. पुठ्ठ्याचे साचे करून ठेवलेत, त्यावर कापड ठेवून कापते. चौकोनात तिरका चौकोन बसवला की एक घर होतं. मी त्याला घरच म्हणते. चार तिकोणे एकमेकांच्या पाठी लागले की भिंगरी होते. मधल्या ठिपक्याभोवती पट्ट्या लावत गेलं की पायऱ्या होतात. एकच भिंगरी पोपटी आणि मोतिया रंगात केली तर फिरते आणि पोपटी आणि पिवळ्यात केली तर जागेवर बसते. का, ते मला सांगता येणार नाही, पण दिसतं. सगळं मांडून झालं की मी स्टुलावर चढून डोळे बारीक करून वरून बघते. आकार पुसट झाले की रंगच उरतात. तरीही शंका राहिली तर नवऱ्याला बोलावते आणि त्याचा चष्मा काढून घेते. चष्म्याशिवाय त्याला सगळं धूसर दिसतं. मी विचारते, "कुठं टोचतंय?" तो बोट दाखवतो. पस्तीस वर्षांच्या संसारात त्याचा मला झालेला सर्वांत मोठा उपयोग हा.

हल्ली आठवणींच्या गोधडीचं खूळ निघालंय. मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ टाकतं, मागं सनई वाजते, एक मुलगी आईच्या साडीची गोधडी गालाला लावून रडते. मग गावोगावच्या बायका कपाटं उघडतात. माझ्याकडंही येतात. मी बहुतेकींना हाकलून देते. मेलेल्या माणसाची साडी म्हणून कुणी वाटेल तो रंग वाटेल त्याच्याशेजारी लाव म्हणालं, तर ते मला जमत नाही. पण एकदा मी हो म्हणाले, आणि ती हकीकत सांगायची आहे.

दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या बाजारपेठेत एक जुनं कापड दुकान आहे. घरची माणसं महादेवाची, गळ्यात लिंग बांधणारी, सोमवार कडक पाळणारी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ब्लाउजपीस आणि अस्तर तिथूनच घेते. त्या घरची म्हातारी गेली. तिला वर्ष झालं आणि एका दुपारी तिची सून आणि दोन लेकी कार घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. थोरली लेक पाथरीला दिलेली, धाकटी लातूरला. सुनेच्या हातात चादरीत बांधलेलं भलंमोठं गाठोडं होतं.

"काकू, सासूबाईच्या साड्या हैत," सून म्हणाली. "तेवढी आठवण करून द्या आमाला. आधी एक करा, चांगली झाली की नणंदांच्या दोन."

थोरली गाठोड्यावर हात ठेवून म्हणाली, "आईचा लय जीव व्हता साड्यांवर."

धाकटीनं आधीच डोळ्यांना रुमाल लावला होता.

मी त्या म्हातारीला ओळखत होते. दुकानाच्या आतल्या बाजूला गादीवर भिंतीला टेकून बसायची. गिऱ्हाइकाशी बोलायची नाही, पण कुणी बाई दोन रंगांत अडली की हनुवटीनं खुणावायची, हा घे. मलाही तिनं दोनदा तसं खुणावलं होतं आणि दोन्हीदा ती बरोबर होती. मी तिला इरकली लुगड्याशिवाय कधीही पाहिलं नाही. रेघांच्या काठाची जाड सुती लुगडी. एक डाळिंबी, एक काळं. धुऊन धुऊन डाळिंबीचा रंग असा मऊ पडला होता की मला ते लुगडं मागून घ्यावंसं वाटायचं. खरं सांगायचं तर मी हो म्हणाले ती त्या डाळिंबीसाठी. म्हातारीच्या आठवणीशी मला काही कर्तव्य नव्हतं.

सून आणि लेकी निघून गेल्या. मी गाठोडं सोडलं. अकरा साड्या निघाल्या. इरकल एकही नव्हतं. सगळ्या पॉलिस्टरच्या, सुळसुळीत. बिस्किटी, कथ्थी, मेंदीचा चिखल झाल्यासारखा एक, खडूसारखा गुलाबी एक. दोन साड्या अजून पुठ्ठ्यावरच होत्या, टाचणीसकट. एकीच्या पदरावर हळदीकुंकवाचं बोट लावलेलं, म्हणजे कुण्या लग्नात आहेर आली आणि तशीच कपाटात गेली. आणि अकराच्या अकरा साड्यांना ब्लाउजपीस तसाच जोडलेला, न कापलेला. फॉल एकीलाही नाही. म्हातारीनं ह्यातली एकही साडी अंगाला लावली नव्हती. ह्या त्या साड्या, ज्या कुणीच नेसत नाही. एकीनं दुसरीला द्यायच्या, दुसरीनं तिसरीला, तालुकाभर फिरत राहतात.

मी सुनेला फोन लावला. "बाई, इरकल कुठं हैत? डाळिंबी एक होतं, काळं एक."

"ती व्हय? ती भांडेवालीला दिली की काकू. पार विटली होती." मग जरा अभिमानानं, "स्टीलचा डबा आला, लय मोठा. ज्वारी मावतीय त्यात."

"आणि ह्या साड्या सासूबाई नेसायच्या का?"

"नेसल्या असतील की. त्यांच्याच कपाटात होत्या."

तेव्हाच फोनवर बोलायला हवं होतं. की बाई, तुझी सासू जे नेसून आयुष्यभर तुझ्यापुढं बसली ते तू डब्यात घातलंस आणि जे तिनं कधी उलगडलं नाही त्याची आठवण करून मागतेस. मी म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला. का, तर तोवर माझी नजर त्या ढिगातल्या एका मोरपंखी साडीवर गेली होती आणि ती कथ्थीवर कशी दिसेल हे मी मनात बघायला लागले होते. इतरांना नावं ठेवते, पण माझी लायकी त्या दिवशी तेवढीच होती.

पॉलिस्टर शिवणं ही शिक्षा आहे. कातरीखाली सरकतं, कडा सुटतात, सुई घातली की सुरकुती पडते. मी रोज शिव्या घालत होते. पण ते रंग! एकटे असताना मरतुकडे. बिस्किटी आणि चिखलाचा हिरवा मी मागं ढकलले, जमिनीसारखे. त्यावर मोरपंखीच्या भिंगऱ्या मांडल्या. खडू-गुलाबी एकटा असताना आजारी वाटायचा, कथ्थीच्या कडेला बसवला तर गालावर रंग चढावा तसा चढला. मी स्टुलावरून उतरेचना. नवरा दोनदा जेवायला बोलावून गेला. एक लिंबासारखी पिवळी साडी होती, तिचं घर मी मधोमध बसवलं. मधोमध लख्ख पिवळं घर आणि भोवती फिरत्या भिंगऱ्या. नवऱ्याचा चष्मा काढला. तो म्हणाला, "मधी दिवा लागलाय जणू." मी खूश झाले. चष्मा नसलेल्या माणसाच्या स्तुतीवर मी खूश झाले, ह्यावरून काय ते समजा.

गोधडी तयार झाल्यावर मी स्वतः घेऊन गेले. त्यांचं घर दुकानाच्या वरच. दोन्ही लेकी मुद्दाम आल्या होत्या, शेजारच्या बायका बोलावल्या होत्या, सोफ्यावर नवीन कव्हरं. जवळजवळ बारशाचा थाट. कोपऱ्यात खिडकीपाशी खुर्चीवर म्हातारा बसला होता, म्हातारीचा नवरा. त्याला सगळं गाव अप्पा म्हणतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यानं दुकान चालवलं. आता मुलगा चालवतो आणि अप्पा जिथं ठेवतील तिथं बसतो.

सुनेनं गोधडी उलगडली. थोरली लेक पुढं झाली, एक कोपरा उचलून नाकाला लावला आणि डोळे मिटले.

"आईचा वास येतोय," ती म्हणाली.

तो कोपरा त्या पुठ्ठ्यावरच्या साडीचा होता. वास आलाच असेल तर दुकानाचा येत असेल. धाकटीनंही वास घेतला आणि रडायला लागली. शेजारच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सून मोबाइल घेऊन म्हणत होती, "ताई, तसंच धरा, जरासक उजेडाकडं तोंड करा." थोरलीनं रडता रडता उजेडाकडं तोंड केलं. मी भिंतीला टेकून उभी. एकीनंही गोधडी पूर्ण पसरून बघितली नाही. सगळ्या कोपऱ्यांशीच लोंबत होत्या.

तेवढ्यात अप्पा बोलला. "इकडं आणा व ते."

सुनेनं नाइलाजानं नेलं. त्यानं गोधडी मांडीवर घेतली नाही. तो म्हणाला, "जमिनीवर टाका. सगळी." मग काठी टेकून उठला आणि उभा राहून वरून बघू लागला. डोळे बारीक करून. इतक्या वर्षांत माझ्या गोधडीकडं असं बघणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

मग काठीचं टोक मधल्या घरावर ठेवून मला म्हणाला, "बाई, हा पिवळा इथं कामून लावलाव?"

"मधी उजेड पाहिजे म्हणून," मी म्हटलं.

"उजेड न्हाई पडला. बाकीचे विझले." काठी भिंगऱ्यांवरून फिरली. "हे मोरपंखी चांगलं चाललं होतं फिरत. हा मधी बसला अन् समदे थांबले. कडंला न्यायचा याला, एका अंगाला."

मी काही बोलणार, तोच तो लेकींकडं वळून साध्या आवाजात म्हणाला, "आन् हे तुमच्या आईचं न्हाई. ह्यातलं एकबी तिनं नेसलेलं न्हाई."

थोरलीनं माझ्याकडं बघून डोळ्यानंच खुणावलं आणि हळू आवाजात, पण त्याला ऐकू जाईल इतक्याच हळू, म्हणाली, "अप्पांना आता आठवत न्हाई काकू. कायबी बोलतेत."

सून म्हणाली, "गोळी घेतली का व अप्पा?"

अप्पानं कुणाकडं पाहिलं नाही. तो खुर्चीत जाऊन बसला आणि खिडकीबाहेर बघू लागला. त्या खोलीत त्याचं म्हणणं खरं आहे हे माहीत असलेलं दुसरं माणूस मी होते. अकरा ब्लाउजपीस मी माझ्या हातानं सोडवले होते. पण मी तोंड उघडलं नाही. मला भजी दिली, मी खाल्ली. पेढा दिला, तोही खाल्ला. सून म्हणाली, "काकू, तुमच्या हाताला देवानं काय दिलंय!" मी हसले. त्या बायकांचा मला तिटकारा आला होता, पण जिना उतरताना जास्त तिटकारा माझाच आला.

आता मला लाज वाटायला हवी होती ती म्हाताऱ्याला वेडं ठरवू दिल्याची. पण घरी येईपर्यंत मी चिडले होते ती पिवळ्यावरून. हा कोण मला सांगणारा? सुताचं कापड मोजण्यात जन्म गेला म्हणजे रंग कळतो का? मी नवऱ्याला म्हटलं, "तूच म्हणाला होतास ना दिवा लागलाय?" तो म्हणाला, "दिवा लागलाय म्हणालो. चांगला लागलाय असं कुठं म्हणालो?" त्याच्याशी मी तीन दिवस बोलले नाही.

चौथ्या दिवशी उरलेल्या तुकड्यांचं तेच चित्र लहान करून फरशीवर मांडलं. आधी पिवळा मधी. मग पिवळा उजवीकडं खाली. स्टुलावर चढले. पिवळा बाजूला सरकताच मोरपंखी भिंगऱ्या सुटल्या, एकामागून एक फिरायला लागल्या. मी स्टुलावरच बसून राहिले. म्हाताऱ्याचं बरोबर होतं. उभ्या उभ्या, पाच मिनिटांत, ऐंशीच्या डोळ्यांनी त्यानं ते पाहिलं होतं, आणि पंधरा दिवस ते कापड मांडीवर घेऊन बसलेल्या मला दिसलं नव्हतं.

मी सुनेकडं गेले. म्हटलं, "गोधडी दे, एक घर उसवून दुसरीकडं लावते. दोन दिवसांत परत देते."

ती म्हणाली, "कशाला काकू? कुणाला दिसतंय ते?" गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शोकेसमध्ये ठेवलेली होती, आरपार दिसेल अशी. तिचा फोटो सगळ्या नातेवाइकांना गेला होता. आता त्यात बदल केला तर फोटो खोटा पडला असता.

मग मी खाली दुकानात गेले. दुपारची वेळ, मुलगा जेवायला गेलेला. अप्पा आतल्या गादीवर बसला होता, म्हातारी बसायची तिथंच. मी त्याच्यासमोर बसले.

"अप्पा, तुमी म्हणलाव ते खरं होतं."

त्यानं विचारलं, "कोणतं? पिवळ्याचं का साड्यांचं?"

"दोन्ही. साड्यांचं तर मला तेव्हाच मालूम होतं."

"मग बोललाव कामून न्हाई?"

"भजी खात होते," मी म्हटलं.

तो हसला. राग धरल्याचं काही दिसलं नाही. उठून त्यानं मागच्या फडताळातून एक पेटी ओढली. त्यात गिरणीवाल्यांनी वर्षानुवर्षं पाठवलेले कापडाचे नमुने होते, पत्त्याच्या पानाएवढे तुकडे, पुठ्ठ्यावर रांगेनं चिकटवलेले. एकाच निळ्याच्या चौदा छटा. असलं धन इथं पडून होतं आणि मी शिंप्याची पोती उपसत होते.

आम्ही ते पुठ्ठे चाळत बसलो. थोड्या वेळानं मी म्हटलं, "त्यांचं डाळिंबी लुगडं फार सुरेख होतं. भांडेवालीला दिलं, ऐकून मला वाईट वाटलं."

"तिला डाळिंबी आवडत न्हवता," अप्पा म्हणाला.

मी हातातला पुठ्ठा खाली ठेवला.

"तिला हिरवा आवडायचा. लग्न झाल्यावर एकदा म्हणली होती. दुकानात इरकल यायचं ते डाळिंबी न्हाईतर काळं. हिरवं गिऱ्हाईक लगेच न्यायचं. उरंल ते घरात."

"कोणता हिरवा?"

तो विचार करू लागला. मग पुठ्ठ्यांमधले हिरवे काढायला लागला. हा नाही. हा तर नाहीच. पोपटी नाही, केळीच्या पानाचा नाही, मेंदीचा नाही. हिरव्यांची रांग संपली. शेवटी त्यानं हात मांडीवर ठेवले.

"ठाव न्हाई. तिनं पुन्हा काढलं न्हाई, म्या इचारलं न्हाई."

मला राग आला, खरा राग आला. जी बाई दुसऱ्यांना हनुवटीनं रंग दाखवायची, तिच्या अंगावर जन्मभर दुकानातलं उरलेलं. मी म्हटलं, "मग अप्पा, तुमी तरी काय वेगळं केलंव? लेकींनी न नेसलेल्या साड्या तिच्या म्हणल्या, तुमी न आवडलेली लुगडी नेसवली."

बोलल्यावर वाटलं, जास्त झालं. घरच्यांसमोर हे बोलले असते तर शोभलं असतं. तिथं भजी खाल्ली आणि इथं एकट्या म्हाताऱ्याला धरलं. पण अप्पा म्हणाला, "व्हय." एवढंच. आणि पुठ्ठे पेटीत भरायला लागला. एक पुठ्ठा, निळ्यांचा, त्यानं माझ्याकडं सरकवला.

पुढचं थोडक्यात. लेकींच्या दोन गोधड्या मी केल्या नाहीत. साड्या उरल्या नाहीत म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. त्यांनी लातूरला कुणा मशीनवालीकडून दोन दिवसांत करून घेतल्या आणि दोघी म्हणे खूश आहेत, तिथंही आईचा वास येतो. सून हल्ली मला बाजारात बघून रस्ता बदलते. कारण वेगळंच आहे.

अप्पा अधूनमधून माझ्याकडं येतो. दुपारी, काठी टेकत, पेटीतला एखादा पुठ्ठा पिशवीत घालून. माझा नवरा त्याला खुर्ची देतो, चहा ठेवतो आणि टीव्हीपुढं परत जातो. अप्पा खुर्चीतून माझी फरशी बघतो आणि चुका काढतो. यावरून गावात बोलणं सुरू झालं. ऐंशीचा विधुर आणि साठीला आलेली बाई दारं सताड उघडी टाकून चिंध्या बघत बसतात, एवढं आमच्या गल्लीला महिनाभर पुरलं. त्याच्या घरी म्हणतात, काकूनं अप्पांना नादी लावलं. एक शेजारीण मला आडून म्हणाली, "वयाचा तरी इचार करावा माणसानं." मी तिला म्हटलं, "तू आत ये, बघ काय चाललंय ते." ती आत आली, फरशीवर पसरलेले दीडशे तुकडे बघितले आणि म्हणाली, "अगोबाई, हे शिवायला किती दिवस लागतील?"

मागच्या आठवड्यात मी नवीन गोधडीला काठ लावायला बसले होते. राखाडी आणि जांभळी घरं, मधूनच कुठं शेंदरी. अप्पा म्हणाला, "काळा काठ लावा." मी म्हटलं, "काळ्यानं सगळं बांधल्यासारखं होतंय." तो म्हणाला, "बांधायलाच तर काठ असतो व बाई." मी म्हटलं, "तुमी चहा प्या." तो चहा प्यायला, त्यानं बशी खाली ठेवली आणि पुन्हा म्हणाला, "काळा."

मी काळा लावून बघितला, स्टुलावर चढून बघितलं, नवऱ्याचा चष्मा काढून त्यालाही दाखवलं. नवरा म्हणाला, कळत नाही. मग मी काळा काढला आणि जांभळ्यापेक्षा एक छटा खोल असा निळा लावला. अप्पा त्याच्याकडं बराच वेळ बघत होता. "चालंल," म्हणाला आणि काठी शोधायला लागला.

चालंल काय, फार चांगला दिसतो.